मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर

"नव्वद डॉलर," रेनिएर म्हणाला, आणि सोराइदाला लगेच शंका आली.

सकाळी फोनवर याच माणसानं दीडशे सांगितले होते. तिनं तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. घासाघीस न करता साठ डॉलर सोडणारा माणूस सिएनफुएगोसमध्ये तिनं पाहिला नव्हता, आणि या गावात तिची एकोणसत्तर वर्षं गेली होती.

तिनं कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीवर बोट फिरवून धूळ पाहिली. कान टेकवून पंखा ऐकला. रेनिएरच्या घरात पलंगाला, फ्रिजला, भिंतीवरच्या आरशालासुद्धा किमतीच्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. अशी घरं तिच्या ओळखीची होती. ऐंशी साली समोरच्या बहिणी शिलाई मशीन मिळेल त्या भावात देऊन गेल्या. चौऱ्याण्णव साली तिचा सख्खा भाऊ ट्रकच्या ट्यूबांचा तराफा बांधून समुद्रात उतरला. त्यानं काही विकलंही नाही आणि निरोपही घेतला नाही. देश सोडून जाणाऱ्यांना घाई असते, आणि घाईत लोक बिघडलेला मालही खपवतात.

घरचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात जळाला होता. मुलींचा पंधरावा वाढदिवस इथं लग्नाच्या थाटात होतो; त्याचे व्हिडिओ काका-मामा फोनवर काढून आणायचे आणि तिचा मुलगा ऑस्निएल ते कापून, जोडून, गाणी घालून नीट फिल्म करून द्यायचा. मायलेकांची चूल त्यावरच पेटायची. नवा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती आणि जुना घ्यायचा तर फसायचं नव्हतं.

"तो लॅपटॉप बघ ना," ती सोबत आलेल्या ऑस्निएलला म्हणाली. "तो जास्त वेगवान आहे, असं वाटेत तूच म्हणालास. वीज गेली तरी चालेल."

"त्याची अक्षरं बारीक आहेत."

"तुझे डोळे कधी म्हातारे झाले?"

ऑस्निएल तारा सोडवायला लागला. त्यानं मोठा पडदा जोडला आणि त्यावरची अक्षरं आणखी मोठी केली. रेनिएरनं पडद्याच्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा बसवला.

"हा वरती फुकट, मावशी."

"लोकांनी काढलेले व्हिडिओ कापायला हा डोळा कशाला? आमच्यावर पहारा ठेवायचाय?"

"असू दे, आई. लागेल," ऑस्निएल घाईनं म्हणाला.

तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. हे दोघं आजच भेटलेले नव्हते. दारातून आत येताना रेनिएरनं तिच्या मुलाच्या खांद्यावर जसा हात ठेवला होता, तसा कुणी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवत नाही.

"बस आई, करून बघ."

"मी? मला कुठं येतं! मी घेवडा शिजवते, तू फिल्म कापतोस. माल तूच तपास."

"एकदा बस तरी. दोनला वीज जाईल."

एवढ्यात रेनिएरची बायको माबेल कॉफी घेऊन आली. सोराइदाचा चेहरा पाहून तिला कणव आली असावी. "येईल हो हळूहळू, मावशी. आणि ऑस्निएलची काळजी करू नका. विमानात आणि पुढच्या सगळ्या वाटेनं आम्ही आहोतच की त्याच्याबरोबर."

रेनिएरनं बायकोकडे पाहिलं. माबेलनं तोंडावर हात ठेवला.

साठ डॉलर कुठं गेले ते सोराइदाला कळलं.

"मी सांगणारच होतो," ऑस्निएल म्हणाला.

"कधी? पलीकडे पोचल्यावर?"

"तुला हे जमलं की मग. मी यांना तसंच सांगितलंय, आई. तू एकटीनं काम चालवू शकलीस तरच जाईन. आज संध्याकाळी नाव पक्कं करायचंय, नाहीतर माझी जागा दुसऱ्या कुणाला देतील."

"आणि नाही जमलं तर?"

"तर राहीन. शपथ."

तो खरं बोलत होता. इतक्या संशयातही तेवढं तिला कळलं.

ती खुर्चीत बसली. पडद्यावर, ऑस्निएलनं घरून आणलेल्या व्हिडिओत, निळ्या फ्रॉकातली एक मुलगी बापाबरोबर वॉल्ट्झ नाचत होती. मध्येच कुणा मामाचा अंगठा आडवा आला, गाणं पावलांच्या मागं पडलं. सोराइदा कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. डोक्यात शिरत नाही रे, एवढं म्हटलं की तो राहणार होता. कुणी तिला दोष दिला नसता.

मग तिनं माउस हातात घेतला.

अंगठ्याचा तुकडा कापला. त्या जागी दुसऱ्या फोनवरचा तुकडा आणून बसवला. गाणं पुढं ओढून मुलीच्या गिरकीशी जुळवलं आणि बापाचे डोळे भरले तिथं हळूहळू विरू दिलं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. कॉम्प्युटर एकदाही अडखळला नाही, आणि तीही नाही.

"चांगला आहे," ती म्हणाली. "घे."

ऑस्निएल पडद्याकडे बघतच राहिला होता. "आई, कधीपासून येतं तुला हे?"

"तू शिकलास त्याच वर्षापासून. तुझ्या खुर्चीमागं बसून."

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू तेव्हाच गेला असतास."