साबणाविना फेस

२००७ साल होतं. लॉन्ड्रीचं मोठं मशीन बिघडलं होतं, त्या आठवड्यातली गोष्ट.

डॉक्टरांनी लॉन्ड्रीवाल्याची साखर पाहिली आणि इन्सुलिनचा डोस पुन्हा वाढवायला पेन उचललं. शेजारी त्याची बायको बसली होती आणि तिच्या पलीकडे नणंद, म्हणजे त्याची थोरली बहीण. वन्सं चार दिवसांसाठी आल्या होत्या आणि दवाखान्यात न बोलावता आल्या होत्या. बायकोच्या मते देवानं वन्संना नाक दिलं होतं ते फक्त खुपसायला.

"डॉक्टर, याच्या लघवीला फेस येतो," वन्सं म्हणाल्या.

बायकोला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"अगं आक्का!" लॉन्ड्रीवाला कळवळला. "धंदा साबणाचा आपला. घरात फेस नाही तर काय धूर निघणार?"

तो फेस बायकोलाही कितीतरी दिवस दिसत होता. पण दुकानामागेच घर, आणि उरलेलं साबणाचं पाणी संडासात ओतायची घरातली जुनी रीत. तिथल्या फेसाकडे कोण ढुंकून पाहणार?

"मशीन सोमवारपासून बंद," वन्संनी बोट नाचवलं. "साबणाचा डबा रिकामा, पालथा पडलाय, मी स्वतः पाहिलाय. मग हा फेस कुणाच्या धंद्यातला?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि लॉन्ड्रीवाल्याच्या हातात तपासणीची बाटली दिली.

थोड्या वेळानं ते आतल्या खोलीतून परतले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच बोलले.

"लघवीतून प्रथिनं जाताहेत, फेस त्यांचाच. यांना इन्सुलिन कमी पडत नाहीये, शरीरच त्याला दाद देईनासं झालंय. मूत्रपिंडात बारीक गाळण्या असतात. त्यांच्या पेशींनाही इन्सुलिनचं ऐकावं लागतं. त्या ऐकेनाशा झाल्या, वर साखर आणि रक्तदाब, की गाळणी सैल पडते. राहायचं ते वाहून जातं."

"लहानपणापासून असाच आहे हा," वन्सं म्हणाल्या. "कुणालाच दाद देत नाही."

बायकोला समोरच्या गल्लीतला शिंपी आठवला, दर दोन दिवसांनी इस्पितळात मशीनला जोडून घ्यायला जाणारा.

"डायलिसिस?" तिनं विचारलं.

"आज नाही. सांगतो तसं वागलात तर बहुधा कधीच नाही. हा फेस अजून साबणाच्या नावावर खपला असता, तर मात्र..." डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं. "नुसता डोस वाढवून भागायचं नाही. शरीराला ऐकायला शिकवायचं. पोट उतरवा, मीठ कमी करा, ही रक्तदाबाची गोळी घ्या. आणि रोज चाला."

"दिवसभर इस्त्रीपाशी उभाच असतो की मी!"

"फिरते ती इस्त्री. तुम्ही नाही."

पायऱ्या उतरताना बायकोनं वन्संच्या हातातली पिशवी काढून घेतली. "चार दिवस कसले वन्सं, राहा की महिनाभर," ती म्हणून गेली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टर पुढे निवृत्त झाले. ते मशीन भंगारात गेलं. लॉन्ड्रीवाल्यानं स्कूटर विकली आणि धुतलेले कपडे घरोघर पायी पोचवू लागला. डोकं पांढरं झालं तरी अजून पोचवतो. शिंपी मात्र लवकर गेला. यजमान गेल्यावर वन्सं भावाकडेच राहायला आल्या. आता त्यांना नीटसं ऐकू येत नाही.

रोज सकाळी लॉन्ड्रीवाला संडासातून बाहेर आला, की बायको आत डोकावते. तेवढ्यात माजघरातून हाक येतेच, "पाहिलंस का गं?"

"पाहिलं, वन्सं! फेस नाही!" ती ओरडून सांगते, दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी.