पोळ्याचा घास

पोळ्याच्या दिवशी पार्वतीबाई पुरणपोळीचं ताट घेऊन गोठ्यात आल्या आणि दारातच थबकल्या. बैलांच्या जागी विजयकुमारनं, त्यांच्या लेकानं, आणलेल्या दोन जुन्या विलायती गाड्या उभ्या होत्या. दोघींना बाशिंगं बांधली होती, पाठीवर बैलांच्याच झुली टाकल्या होत्या. पुण्याच्या पाव्हण्याला तो मोठ्या हौसेनं सांगत होता की, ऐट पाहावी तर ह्या लांब नाकाच्या जग्वारची; पण वळणावर पोर्शेचा हात कुणी धरत नाही.

"माय, दोघींला घास दे, फोटो काढतो."

पार्वतीबाई पोर्शेपुढं गेल्या.

"तिकडून न्हाई. हिचं इंजन मागं असतंय."

"मंग घास मागून चारू व्हय?"

पाव्हणा खो खो हसला. सणासाठी गोठा झाडून काढला होता, नाहीतर पार्वतीबाई तिथंच थुंकल्या असत्या.

"पळतेत तरी का ह्या?"

"पळवायच्या नसतेत, माय. पळवल्या की मोल उतरतं. जितकी जुनी तितका मान. निस्तं उभं ठेवायचं, पुसायचं, डोळे भरून पाहायचं."

पार्वतीबाईंनी ताट रिकाम्या गव्हाणीत ठेवलं.

"मंग आपला बांड्या अन् हरण्या काहून इकलेस रे? तेबी म्हातारेच झालते, निस्ते उभेच राहायचे."