बाराच्या ठोक्याची उडी

"पाय दाखव," कुया डोमिंग म्हणाला.

एल्मरने चपलेतून पाय काढला. अंगणात बांबूच्या सुपांवर मासळी वाळत होती. तिच्यावरच्या माश्या हाकलायचं सोडून एल्मरची आई, साबेल, बघत राहिली. पाय खरोखरच मोठा होता, चपलेत टाच मागे बाहेर यायची. डोमिंगने आपला पाय शेजारी ठेवून पाहिला आणि लगेच मागे घेतला.

डोमिंग धंद्याने न्हावी, उंची पाच फूट तीन इंच आणि गावातल्या सगळ्यांचा कुया, म्हणजे दादा. शिवाय तिसऱ्या वाडीच्या बास्केटबॉल संघाचा कोच. संघाने तीन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. एकाचा गुडघा गेला होता, एकाची कंबर, आणि जो धडधाकट होता तो कामाला सौदीत गेला होता. गावच्या कॅप्टनने, म्हणजे सरपंचाने, आता बजावलं होतं की यंदाच्या जत्रेच्या सामन्यांतही तळाला राहिलात तर तुमचा संघ मोडून पहिल्या वाडीत घालू.

तळाला राहण्याचा फायदा एकच. गावातल्या खेळायच्या वयात आलेल्या नव्या पोरांमधून पहिला खेळाडू तळच्या संघाने निवडायचा. निवड आज संध्याकाळी, चर्च सुटल्यावर. आणि सकाळीच पहिल्या वाडीचा कोच बेर्तो दाढीला बसला होता, तो तोंडाला साबण असतानाच म्हणाला, "तुझी पहिली पाळी मला दे, त्या बदल्यात माझा रुदेल घेऊन जा."

रुदेल चौतीस वर्षांचा. त्याने लांबून टाकलेला चेंडू जाळीतच पडायचा. तो आला तर यंदा दोन सामने खिशात आणि संघ वाचला. पण पुढच्या वर्षी त्याचाही गुडघा जाणार, हे बेर्तोला ठाऊक होतं आणि डोमिंगलाही. म्हणून तर सकाळपासून त्याच्या जिवाला घोर लागला होता.

एल्मर सतरा वर्षांचा. बघायचा एकीकडे आणि चेंडू द्यायचा दुसरीकडे, असलं डोकं गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं. पण उंची पाच फूट सात. तेवढ्यावरच राहिला तर दांडगे लोक त्याला जाळी दिसू देणार नाहीत. वाढेल का, एवढंच डोमिंगला हवं होतं.

"ह्याचा बाप केवढा?"

"जहाजावर असतो. तुमच्याएवढा."

डोमिंगचा चेहरा पडला.

"पण माझा भाऊ उंच आहे हं!" साबेल घाईघाईने म्हणाली. "नारळ काढायला त्याला शिडी लागत नाही."

"शिडी इथे कुणालाच लागत नाही. चढतात सगळे. चपला किती दिवस पुरतात ह्याला?"

"पुरतात कुठल्या! ख्रिसमसला घेतलेल्या ह्या. बघा टाच."

हे बरं लक्षण होतं. डोमिंगने आवाज खाली आणला. "आणि नवीन वर्षाला? बाराच्या ठोक्याला उड्या मारल्या ना?"

त्याचा विश्वास होता असं नाही. लहानपणी आईने त्यालाही दरवर्षी उड्या मारायला लावल्या होत्या, उंच होशील म्हणून, आणि निकाल समोर होता. पण विचारायचं राहिलं आणि पोरगं खुंटलं तर?

"मारल्या तर! शेजाऱ्यांचा पत्रा हादरला."

"खोटं!" सुपांमागून पाच वर्षांची निनिंग उठली, एल्मरची धाकटी बहीण. "कुया एल्मरने एकपण नाही मारली. तो मला उडवत होता. मी सगळ्यांपेक्षा उंच गेले!"

साबेलने डोळे वटारले, पण बोलून झालं होतं.

"खरं का रे?"

"तिची एकटीची उडी वीतभरच जायची," एल्मर खाली बघत म्हणाला. "रडायला लागली. मग मी तिला काखेत धरून वर उचलत राहिलो, फटाके थांबेपर्यंत."

"आणि मागच्या वर्षी?"

"तेव्हापण!" निनिंग म्हणाली आणि पळत जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. चौकटीवर गेल्या वर्षी सुरीने केलेली तिच्या उंचीची खूण आता तिच्या कानाशी आली होती. "बघा, वाढले की नाही?"

"वाढलीस गं बाई." डोमिंगला हसू आवरेना.

तो निघाला तसा एल्मर मागोमाग फाटकापर्यंत आला. "कुया, म्हणजे मला नाही घेणार?"

"संध्याकाळी ये," एवढंच डोमिंग म्हणाला. त्याचं त्यालाच अजून ठरवता आलेलं नव्हतं.

संध्याकाळी मैदानाभोवती सगळं गाव जमलं. बेर्तो डोमिंगला खेटून उभा राहिला. "रुदेल बूट घालून बसलाय. सांगून टाक एकदाचं."

डोमिंगने समोर पाहिलं. गर्दीत निनिंगला काही दिसत नव्हतं, म्हणून एल्मरने तिला खांद्यावर घेतलं होतं. त्यामुळे मागच्यांना एल्मर दिसत नव्हता.

"तिसरी वाडी," डोमिंगने पुकारलं, "एल्मर दाकानाय."

"मेलो आपण, कुया," त्याचा कंबर गेलेला खेळाडू मागून म्हणाला.

बेर्तो मान हलवत राहिला. "येडा आहेस का तू? ते पोरगं आहे तेवढंच राहणार. नवीन वर्षाला साधी उडी मारली नाही त्याने, गावभर झालंय. आणि पुढच्या नवीन वर्षाला तुझा संघ असेल का?"

"संघाचं मला सांगता येत नाही," डोमिंग म्हणाला. "पण बाराच्या ठोक्याला त्याच्या बहिणीला मी उचलणार आहे."