आईच्या बोटांचं कडवं

ती खोक्यांच्या कारखान्यात काम करायची आणि रॅप लिहायची. म्युझिक कंपनीच्या साहेबांनी करार पुढे सरकवला. “गाणं झकास आहे. फक्त आईच्या बोटांचं कडवं काढा. लोकांना नाचायचं असतं.” त्याच कारखान्यातल्या मशीनने आईची दोन बोटं नेली होती, त्या मशीनच्या ठेक्यावरच ती शब्द बसवायला शिकली होती. “ते कडवं म्हणजेच गाणं आहे, सर. तुमच्याशिवाय गाईन,” म्हणत ती सही न करता उठली. घरी तिने आईला गाणं पहिल्यांदाच ऐकवलं. आई त्या अपघाताबद्दल बारा वर्षं मूग गिळून बसली होती. गाणं संपलं तशी ती उठून भांडी आवरू लागली. लेकीला वाटलं, चुकलंच आपलं. मग आई म्हणाली, “यात मालकाचं नाव का नाही?” “नोकरी जाईल, आई.” “जाऊ दे. तुला जन्मभर गायचंच आहे ना? मग घाल नाव.”