खुशीची बक्षिशी

"बक्षिशी खुशीनं देतात, परस्पर कापून घेत नाहीत," असं सुनावून कर्णिकांनी क्रूझच्या काउंटरवर आपल्या बिलातलं सेवाशुल्क काढायला लावलं. तत्त्वाचा विजय झाला म्हणून फुकटचं आइस्क्रीम दोनदा खाल्लं.

केबिनमध्ये सफाई कामगार टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवत होता. कर्णिकांनी हत्तीचा फोटो काढला आणि कामगाराला अगदी खुशीनं एक थँक्यू देऊन टाकलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या एका क्रूझवर वेटर होता आणि ही सहल त्यानंच घडवली होती.

"बाबा, या महिन्यात पैसे कमी येतील. लोक काउंटरवर जाऊन सेवाशुल्क काढून टाकतायत."

"कसली भिकार माणसं असतात रे," म्हणत कर्णिकांनी हत्तीची सोंड उलगडली आणि तोंड पुसलं.