बरणीतला तुकडा

“तुम्ही पेट्रोलमध्ये काय कालवता, ते आम्हाला सांगत का नाही?”

धाकटी फोनवर ओरडत होती. धावपट्टीवर दादा इंजिन तापवत होता, म्हणून तिने दुसऱ्या कानात बोट घातलं होतं. “स्पिरिट किती घालता? मध्येच वाढवलंत का? पंपावर साधी पाटी लावायला तुमचे हात झडतात का?”

“ते तांत्रिक असतं, बाई. तुम्हाला नाही कळणार,” इंधन खात्यातला माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ही माणसं ताकास तूर लागू देत नाहीत. मोटार बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. विमान बंद पडलं तर कुठे उभं राहायचं, हे त्यांच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात येत नाही.

आई घडीच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर काचेची बरणी. “काय म्हणाला गं?”

“म्हणतो, तुम्हाला नाही कळणार.”

“सगळे तेच म्हणतात,” आई म्हणाली.

विमान दादाने घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. काचेच्या धाग्यांच्या कापडावर डिंकासारखं चिकट रेझिन चढवायचं, ते वाळलं की घासायचं, पुन्हा चढवायचं. पेट्रोलची टाकी वेगळी नव्हतीच. पंखाच्या पोटातला पोकळ कप्पा हीच टाकी, आणि तिला आतून रेझिनचाच लेप. तो कोणत्या रेझिनचा द्यायचा, हे ठरवायचं काम धाकटीकडे आलं, कारण ती नावा बांधायच्या कारखान्यात हेच करायची.

“नावेचं रेझिन चुकलं तर पाय भिजतात,” दादा तेव्हा म्हणाला होता. “इथे चुकलीस तर तू एकुलती एक होशील.” आईने त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नव्हतं.

स्पिरिट मिसळलेलं पेट्रोल कच्च्या रेझिनला चाटत सुटतं. लेप मऊ पडतो, सुटतो, नळीत जाऊन बसतो. मग इंजिन नेमकं वर चढताना दगा देतं. भट्टीत तापवल्यावर पक्कं होणारं रेझिन धाकटीच्या कामाचं नव्हतं. अख्खा पंख मावेल अशी भट्टी आणायची कुठून? नुसत्या हवेत वाळून जे पेट्रोलला पुरून उरेल, तेच हवं होतं. तिने दोन रेझिनांचे दोन तुकडे केले, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळवले आणि पेट्रोल भरलेल्या दोन बरण्यांत सोडले. एकाचा पार चघळलेल्या गोंदासारखा लगदा झाला. दुसरा दगडासारखा राहिला. त्याच रेझिनचा लेप टाकीला देऊन लगेच कप्पा बंद केला गेला. दादा ती बरणी येईल त्याला ढाल जिंकल्यासारखी दाखवायचा. आज त्याने ती आईकडे सांभाळायला दिली होती.

पण सकाळी धाकटीने टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून उजेडात धरलं, तर ते पिवळसर दिसलं. बरणीतलं स्वच्छ होतं. खात्याने मिश्रण बदललं की आपलंच काही चुकलं? म्हणून तर तिने खात्याला फोन लावला होता.

“दादा, आज राहू दे.”

“रेझिन तूच निवडलंस ना? मग घाबरतेस कशाला?” दादाने हेल्मेटचा पट्टा आवळला. “पेट्रोलचा रंग काय, रोज बदलतो. बरणी बघ बरणी!”

आता विमान डुलत डुलत धावपट्टीच्या टोकाकडे निघालं होतं. धाकटीने आईच्या मांडीवरची बरणी उचलून हलवली. तुकडा काचेवर टणटण वाजला. तिने पुन्हा हलवली. तो पुन्हा तसाच वाजला.

आईचं लक्ष विमानाच्या पंखांकडे होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती नजरेने मोजत होती.

“एक विचारू का गं? एवढे लांबलचक पंख तुम्ही भाजले कशात?”

“भाजले?”

“मग? हा तुकडा खिडकीत नुसता चिकचिकत होता. दुसरा वाळला, हा काही वाळेना. तुझी मेहनत वाया जायला नको, म्हणून केक काढल्यावर गरम ओव्हनमध्ये ठेवून दिला मी. भाजला तेव्हा कुठे कडक झाला.”

धाकटीच्या हातातून बरणी सुटली. ती धावली. टोकावर विमानाने तोंड वळवलं होतं, इंजिनाचा आवाज चढत होता. धावपट्टीच्या मधोमध उभी राहून तिने दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटून घेतले.

आवाज उतरला. पंखा थांबला.

दादाच्या शिव्या पुऱ्या व्हायच्या आत तिने पंखावरचं टाकीचं झाकण काढलं, बोट आत घातलं आणि लेपाला नख लावलं. नख साबणात रुतावं तसं रुतलं. बोट बाहेर आलं ते पिवळ्या चिकट दोऱ्या घेऊन. दादाने ते पाहिलं. मग त्याने हेल्मेटचा पट्टा सोडला.

आई धापा टाकत येऊन पोचली. धाकटीचं सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. “आई, हात लावायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी होतंस!”

“विचारलं होतं,” आई म्हणाली. “खिडकीतले हे तुकडे कसले गं, म्हणून विचारलं होतं. सांग ना तुझ्या दादाला, काय म्हणाली होतीस तू मला?”