दंड

पाळणाघरातल्या मावशीचा धाकटा भाऊ एड्सने गेला होता. म्हणून एचआयव्हीवरच्या नव्या लशीची माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली, तेव्हा धडधाकट मावशीने आपणहून दंड पुढे केला. पुढे पाळणाघराच्या वार्षिक तपासणीत तिचं रक्त 'पॉझिटिव्ह' निघालं आणि मालकीणबाईंनी तिला दारातच अडवलं.

चाचणीच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, लशीत विषाणू नसतोच. लशीने रक्तात जी प्रतिपिंडं तयार झाली, तीच साध्या तपासणीत दिसली. आम्ही नीट तपासलंय, मावशींना काहीही झालेलं नाही."

"पटलं हो," मालकीणबाई म्हणाल्या. "पण लोकांची तोंडं कोण धरणार? मावशी, उद्यापासून येऊ नका."

"पटलं, तरी पोटावर पाय?" मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. तिचा आवाज ओळखून आत एक पोर रडू लागलं, पण तिला उंबरा ओलांडू दिला नाही.

दोघी जिना उतरू लागल्या, तशा मालकीणबाई लगबगीने मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या,



"डॉक्टर, लस तयार झाली की आमच्या मुलाचा नंबर आधी लावाल ना?"